पोरगा जर्मन पासपोर्ट घेतोय, आता तो आपला राहणार का?

तात्या, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. पोरगा श्टुटगार्टला जाऊन 7 वर्षं झाली, तिथल्या ऑफिसचं पत्र आलंय की तुम्ही नागरिकत्वाला पात्र आहात आणि जुनं सोडायची गरज नाही, म्हणून तो म्हणतोय दोन्ही ठेवतो. नात 3 वर्षांची, जन्म तिथलाच. विट्याजवळ तुमची बागायत आहे आणि भावकी कट्ट्यावर बसून म्हणतेय की पोरानं देश सोडला, आता सातबाऱ्यावरनं पण जाणार. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंय की तो तिथं कधी त्यांचा होणार का, आणि आमचा राहणार का, एवढं सांगा.

मी सांगलीच्या कोर्टात 26 वर्षं आहे, त्यातलं निम्मं काम जन्मदाखले, पासपोर्ट, ओसीआय (ओव्हरसीज सिटीझन ऑफ इंडिया, परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्या लोकांचं कार्ड), वारसनोंदी ह्याच गोष्टींचं. शेवटच्या प्रश्नावर वकिलानं तोंड घालू नये खरं तर, पण इतक्या घरांत हेच बघितलंय की आता बोलल्याशिवाय राहवत नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी कागदाचं बघू, कारण तिथंच पोरगं फसणार आहे. ते पत्र खरं आहे पण अर्धंच खरं आहे. जर्मनीनं 27 जून 2024 पासून कायदा बदलला, आता 5 वर्षांच्या कायदेशीर रहिवासावर अर्ज करता येतो आणि जर्मनीच्या बाजूनं जुनं नागरिकत्व सोडायला लागत नाही. (त्यात 3 वर्षांत मिळायची एक सवलत होती, ती 2025 मध्ये काढून टाकली.) पण जर्मनी फक्त स्वतःचं सांगणार ना, भारताचं ती कशाला सांगेल? आपल्या घटनेच्या कलम 9 मध्ये आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 मध्ये, दोन्हीकडं आकडा 9 च आहे, लक्षात ठेवायला बरं, सरळ लिहिलंय की स्वतःच्या मर्जीनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. कुणी ऑर्डर काढायला लागत नाही, नोटीस येत नाही. ज्या दिवशी त्याच्या हातात जर्मन सर्टिफिकेट पडलं त्या दिवशी ते आपोआप गेलं, आणि खिशातला निळा पासपोर्ट त्या दिवसापासनं वापरायचा नाही, तो वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं.

हे लोकांना पटत नाही. पलूसकडचा एकजण माझ्याकडं आला होता, त्यानं दोन्ही पासपोर्ट ठेवले, जाताना एक दाखवायचा, येताना दुसरा, वर मला म्हणतो साहेब कॉम्प्युटरला काय कळतंय. कॉम्प्युटरला बरोबर कळलं. पुढं दंड, खुलासे, अर्ज ह्यात त्याचे 8 महिने गेले आणि त्या नादात बहिणीचं लग्न हुकलं. तुमच्या पोराला सांगा की शहाणपणा करायचा नाही.

पासपोर्ट जमा केला की तो रद्द करून परत देतात, शिक्का मारलेला, कोपरा कापलेला. एका बाईंनी मुलाचा असा पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला होता. कापलेल्या कोपऱ्यावरनं त्या सारखं बोट फिरवत होत्या, आणि मी ओसीआयच्या फॉर्मचं समजावून सांगतोय ते त्यांच्या कानावर पडतच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "एवढंच कापलंय, फोटू ठेवलाय की." मी फॉर्म बाजूला ठेवला आणि पोराला दोन कटिंग आणायला पाठवलं.

आता ओसीआय. नावात सिटीझन आहे पण तो सिटीझन नाही, हे नावच फसवं. 2003 च्या दुरुस्तीत आधी 16 देशांतल्या आपल्या लोकांसाठी ही सोय आणली, 2005 ला पाकिस्तान आणि बांगलादेश सोडून सगळ्यांना उघडली. खरं म्हणजे हा आयुष्यभराचा व्हिसा आणि वर थोडे हक्क. ये-जा करा, रहा, नोकरी करा, फ्लॅट घ्या. मत नाही, निवडणूक नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण असल्या काही गोष्टींना वेगळी परवानगी लागते.

शेतीचं नीट ऐका, भावकीचा सगळा जीव तिथंच अडकलाय. वारसानं शेतजमीन ओसीआयवाल्याला मिळू शकते. तुमच्या माघारी त्याचं नाव वारस म्हणून लागायला अडचण नाही आणि आधीच सातबाऱ्यावर नाव असेल तर पासपोर्ट बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. पण तुम्ही हयातीत बक्षीसपत्र करून शेत त्याच्या नावावर करायला जाल तर ते चालणार नाही, परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन बक्षीस देता येत नाही. गंमत म्हणजे हे तो आज भारतीय पासपोर्टवर असला तरी तसंच आहे, एनआरआयलाही शेतजमीन घ्यायची बंदीच आहे, म्हणजे भावकी ज्याला "आता जाणार" म्हणतेय तो नियम त्यानं विमान पकडून तिकडं बस्तान बसवलं तेव्हापासूनच लागू आहे. आणि पुढं विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकायची, त्यातही आपल्याकडं घेणारा शेतकरी लागतो. एका गावच्या तलाठ्यानं माझ्या अशिलाची वारसनोंद 4 महिने अडवून धरली होती, म्हणे "हे आता इंडियन नाहीत तर फेरफार कसा घालू." नियम छापून नेऊन दाखवला तेव्हा फेरफार पडला. त्या बिचाऱ्याचीही चूक नव्हती फार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मताचं एक सांगतो जे कुणालाच माहीत नसतं. आज तुमचा पोरगा भारतीय आहे तोवर तो गावच्या यादीत मतदार राहू शकतो, 2010 ला कायद्यात तशी दुरुस्ती झालीय, फॉर्म 6अ. फक्त मत टाकायला इथं यायला लागतं, म्हणून कुणी येत नाही. पासपोर्ट बदलला की यादीतनं नाव कमी करायचं, नाहीतर पुढं पंचायत निवडणुकीत कुणीतरी तेवढंच धरून बसतंय.

परत यायची वाट पण बंद होत नाही. ओसीआय होऊन 5 वर्षं झाली आणि अर्जाच्या आधीचे 12 महिने भारतात राहिला तर तो परत नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. तेव्हा जर्मन सोडायला लागेल. माझ्या हातनं अशी प्रकरणं हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच गेलीत, पण वाट आहे.

नातीचं थोडं किचकट. परदेशात जन्मलेलं मूल नुसतं आईबाप भारतीय म्हणून भारतीय होत नाही, 3 डिसेंबर 2004 नंतरच्या जन्माला एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंद लागते. ती केली होती का ते आधी विचारा. बऱ्याच जणांची राहून जाते, बारसं होतं, व्हिडिओ कॉलवर सगळं गाव घुगऱ्या खातं, नोंद राहते.

झालं कागदाचं. आता तुमचा खरा प्रश्न, तो त्यांचा होणार का.

जर्मनी ह्यात मोठी इंटरेस्टिंग आहे. त्यांचा 1913 चा कायदा रक्तावर चालायचा, बाप जर्मन तर पोर जर्मन. 1961 ला तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार आणले, त्यांना नावच दिलं पाहुणे कामगार, म्हणजे काम झालं की जाणार. ते गेले नाहीत. ऊसतोडीला आलेली टोळी पट्टा पडला की बीडला जाते तसं होईल असं त्यांना वाटलं, पण हे लोक राहिले, पोरं झाली, ती पोरं तिथल्या शाळेत गेली, जर्मनच बोलायला लागली आणि तरी कागदावर परकीच, 1 जानेवारी 2000 पर्यंत. त्यानंतर कुठं तिथं जन्मल्यामुळं, आईबापाच्या रहिवासाच्या अटीवर का होईना, नागरिकत्व मिळायला लागलं. म्हणजे 40 वर्षं लागली त्यांना मान्य करायला की पाहुणा घरचा झालाय.

आणि कागद मिळाल्यावर तरी? मेसुत ओझिल बघा, फुटबॉलवाला. गेल्सेनकिर्शनला जन्मला, 2014 चा वर्ल्डकप जर्मनीकडनं जिंकला. 2018 ला तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर फोटो काढला, त्यात टीम वर्ल्डकपमधनं लवकर बाहेर पडली, मग सगळा राग त्याच्यावर. त्यानं टीम सोडली आणि जाहीरपणे म्हणाला की जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की परका. तात्या, हे आपल्याला नवीन आहे का? गावात जावई गोड बोलतो तोवर जावई, भांडण झालं की "तुमच्या गावाकडचं इथं चालणार नाही".

मात्र आजची जर्मनी ओझिलच्या बापाच्या वेळची नाही हेही खरं. आता तिथं परीक्षा असते, 33 प्रश्न, 17 बरोबर लागतात, भाषा बी-1 पातळीची, स्वतःचं पोट स्वतः भरत असला पाहिजे, आणि त्यांच्या घटनेतल्या लोकशाही चौकटीला मानतो असं लिहून द्यायला लागतं. 2024 पासनं नाझींच्या काळातल्या गुन्ह्यांमुळं आलेली विशेष जबाबदारी आणि ज्यूंचं संरक्षण हेही त्यात आलं. मला ह्याच्यात एक गोष्ट आवडते, ते तुम्हाला बिअर प्या किंवा चर्चला जा असं म्हणत नाहीत, आमचे नियम आणि आमचा इतिहास मान्य करा म्हणतात. हाबरमास नावाचे तिथले विचारवंत, त्यांनी घटनेवरची निष्ठा हीच देशभक्ती असा विचार लावून धरला, रक्तावरच्या आणि संस्कृतीवरच्या राष्ट्रप्रेमानं जर्मनीचं काय झालं ते बघितलेला तो माणूस. आता ह्याच्या विरुद्ध बोलणारेही तिथं जोरात आहेत, त्यामुळं पुढच्या 20 वर्षांचं मी काही लिहून देत नाही.

सगळीकडं असं नाही. कॅनडानं 1971 ला सरळ जाहीर केलं की आमचं धोरणच बहुसांस्कृतिक, 1988 ला त्याचा कायदा केला, पगडी घाला, ढोल वाजवा, तेवढं कॅनडाचं मानलं जातं. फ्रान्स बरोबर उलट टोकाला, तिथं सरकार जनगणनेत तुमचा वंश-धर्म विचारतच नाही, सगळे फ्रेंच, पण मग 2004 ला शाळेत ठळक धार्मिक खुणा घालायला बंदी. आणि स्वित्झर्लंडमध्ये तर नागरिकत्व गावपातळीवरनं सुरू होतं, तिथल्या एमेन नावाच्या गावात 2000 साली लोकांनी मतपेटीतनं अर्जदार निवडले, इटलीचे पास झाले आणि बाकीचे, त्यात बहुतेक युगोस्लाव्हियाकडचे, नापास. 2003 ला तिथल्या फेडरल कोर्टानं असल्या मतदानाला घटनाबाह्य ठरवलं. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यासमोर आपली ग्रामसभा आली. नागरिकत्व ग्रामसभेनं द्यायचं ठरवलं तर आपल्याकडं शेजारच्या गल्लीतल्याला पण मिळणार नाही, बांधाचं भांडण आहे म्हणून.

आपली माणसं ह्या परीक्षेला पूर्वीच बसलीत. कोकणातले बेने इस्रायली, शनवार तेली म्हणायचे त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. आडनावं पेणकर, चेऊलकर अशी गावावरनं, घरात मराठी. इथं ते कायम ज्यू म्हणून वेगळे, पण त्रास कुणी दिला नाही. 1948 नंतर मोठ्या आशेनं इस्रायलला गेले, म्हटलं आता आपल्या देशात जातोय, तर 1962 ला तिथल्या धर्मपीठानं लग्न लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा फतवा काढला, हे पुरते ज्यू आहेत का म्हणून. नागरिकत्वाचा कागद हातात, त्यावर काही वाद नाही, पण लग्नाच्या मांडवात अडवलं. 1964 ला रस्त्यावर उतरून आंदोलन केलं तेव्हा ते मागं घेतलं. आणि आजही तिथं मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत, महाराष्ट्र दिन करतात. इकडं ज्यू, तिकडं मराठी.

मॉरिशसची मराठी मंडळी तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मजुरीला गेली, घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीची तिथं देशभर सरकारी सुट्टी असते. ह्यांना कुणी विचारतं का तुम्ही कुठले? मॉरिशसचे, संपलं.

आता हे सगळं सोडा आणि स्वतःकडं बघा. तात्या, तुम्ही गलाईवाले, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे. 30 वर्षं कोइमतूरला काढली तुम्ही, दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत तेजाबाचा पिवळा धूर, भट्टी, मूस, घसा गेला तुमचा त्यात. पोरगा तिथल्याच शाळेत शिकला, तुम्हीच सांगितलं होतं की तो झोपेत तमिळमधनं बडबडायचा. जत्रेला आला की गावची पोरं त्याला मद्रासी म्हणायची. आणि मग इंजिनिअरिंगला घालायच्या वेळी डोमिसाईलसाठी तुम्ही माझ्याकडंच आला होता, महाराष्ट्रातला 15 वर्षांचा रहिवास दाखवा म्हणत होते आणि तुम्ही चिडून म्हणाला होता, "अरं आमच्या आज्याची समाधी हाय तिथं रानात, आणि रहिवास कसला मागताय?"

तेव्हा भावकी का नाही म्हणाली की देश सोडला? अंतर लांब होतं, भाषा वेगळी होती, जेवण वेगळं होतं. पण भारतात राज्याचं वेगळं नागरिकत्व नाही, सुप्रीम कोर्टानं 1984 च्या प्रदीप जैन केसमध्ये तर म्हटलंय की ह्या देशात डोमिसाईलही एकच, भारताचं. म्हणून कोइमतूरला जाताना तुम्हाला कुठला कागद जमा करायला लागला नाही, कोपरा कापलेलं काही घरी आलं नाही, आणि म्हणून कुणाच्या डोळ्यावर आलं नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की पोरगं बदलायचं ते लहानपणीच बदललंय आणि ते बदलून पण दरवर्षी जत्रेला आलंय. दोन भाषांत, दोन गावांत राहायची सवय त्याला तुम्हीच लावली, आता फक्त सरकारनं त्यावर शिक्का मागितलाय.

शिक्क्याला तारीख असते ही त्याची अडचण. थंडीत आपल्याकडं स्वेटर विकायला तिबेटी येतात, त्यातल्या एक बाई माझ्याकडं आल्या होत्या. जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडचा, 1974 चा. कन्नड बोलतात, हिंदी बोलतात, भाव करताना तर चक्क मराठी, "ताई परवडत नाही ओ". आयुष्यभर परदेशी म्हणून नोंदणी, दर वेळी ते बुक घेऊन रिन्यू करायला जायचं. आणि कायदा काय म्हणतो? 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आत भारतात जन्मला तो जन्मानं नागरिक, आईबाप कुठलेही असोत. दिल्ली हायकोर्टानं 2010 ला एका तिबेटी मुलीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणजे ह्या बाई जन्मापासनं भारतीयच होत्या, कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर खूश होतील असं वाटलं, तर त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, धाकटी बहीण 1988 ची आहे, ती? मी म्हटलं तिला नाही लागू. एकाच घरातल्या, एकाच तव्यावरच्या भाकरी खाल्लेल्या दोघी, एक भारतीय आणि एक नाही. बाईंनी अर्ज केला नाही. तिबेट मिळालं तर जायचं आहे म्हणाल्या, कधी न बघितलेल्या तिबेटला.

आणि आपला जत तालुका. कोर्टात जतकडचा म्हातारा साक्षीला उभा राहिला की निम्मं कन्नड, निम्मं मराठी, दुभाषी लागतो कधी कधी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही राज्यांतनं माणसं येतात. 2012 ला तिथल्या गावांनी कर्नाटकात जातो असा ठराव केला आणि 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच धरून 40 गावांवर हक्क सांगितला तेव्हा टीव्हीवर केवढा दंगा झाला. अस्मिता, अस्मिता! त्या लोकांना विचारा ना, त्यांना पाणी पाहिजे होतं, म्हैसाळ योजनेचं पाणी पोचत नव्हतं. घरातली भाषा त्यांनी तेवढ्यासाठी पुढं केली. मला त्यात काही वावगं वाटत नाही, तुमच्या पोराचं पण तेच आहे थोडंफार, व्हिसाच्या रांगा, नोकरी बदलताना परवानग्या, बायकोचं करिअर, ह्याच्यासाठी तो कागद घेतोय. जर्मन संगीतावर जीव जडला म्हणून नाही.

डॉ. आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते की एक कलम सोडलं तर नागरिकत्वाच्या ह्या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कुठल्या कलमानं दिली नाही. फाळणी चालू होती, माणसं सरहद्दी ओलांडून जात होती, परत येत होती, त्या धगीत ते लिहिलंय. एकाच ठिकाणी निष्ठा ठेवा हा आग्रह तिथनं आलाय. तो आता सैल करावा असं मला व्यक्तिशः वाटतं, पण माझ्या वाटण्यावर पोरानं पासपोर्ट खिशात ठेवू नये.

भावकीला उत्तर द्यायचं तर एवढंच द्या की शेत राहतंय, येणं-जाणं राहतंय, मत जातंय. मत जातंय हे लपवू नका, ते खरंच जातंय आणि ते छोटं नाही. पोराशी बोलताना पण तेच बोला, तू आमचा राहशील का असं फोनवर विचारू नका, ते पोरगं तिकडं रडत बसतंय आणि अर्ज पुढं ढकलतंय, मी बघितलंय. त्याला विचारा की इथल्या मताची, पुढं कधी इथं निवडणुकीला, सरकारी कामाला उभं राहायची तुला गरज वाटेल का. नसेल वाटत तर घे म्हणावं.

येताना सातबारा, आठ-अ, जुन्या फेरफाराच्या नकला आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणा. नातीचा जन्मदाखला मात्र आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तुमच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एक, पोराच्या पासपोर्टवर दुसरं असं होतं, ते मला डोमिसाईलच्या वेळचं आठवतंय, आणि जर्मन दाखल्यात मधलं वडलांचं नाव बहुतेक गळलेलं असणार. तिचा ओसीआय तिथं अडकतो, बाकी कशात नाही. दुसरा-चौथा शनिवार कोर्टाला सुट्टी, मी विश्रामबागला घरीच असतो, 11 नंतर या.